मदत हवी आहे: सांबार कांद्याच्या बेण्याला कोंब फुटलेत, काळी बुरशीही दिसतेय

नमस्कार मंडळी. तासगाव भाग, मध्यम काळी जमीन, पाच गुंठे, ठिबक. मागच्या पिकातला सांबार कांदा (झुपक्याने वाढणारा छोटा कांदा) बेण्यासाठी जाळीच्या पिशव्यांत टांगून ठेवलाय, साधारण ७५ किलो. सरी ४५ सेंमी, वरंब्याच्या दोन्ही बगलांना १० सेंमीवर एकेक कांदा, मान मातीच्या वर राहील असा टोचायचा बेत आहे. खोल गेला की काळ्या रानात बूड सडतं, तेवढं माहीत आहे.

अडचण अशी: निम्म्या कांद्यांना बोटाच्या पेराएवढे हिरवे कोंब आलेत. हे तसेच लावायचे, की शेंडा छाटून? छाटलं तर जखमेतून सड शिरते असं वाटतं.

दुसरं, काहींच्या वरच्या पापुद्र्याखाली काजळीसारखी काळी भुकटी आहे. आतला कांदा दाबल्यावर टणक लागतो. पापुद्रा काढून ट्रायकोडर्मात (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) बुडवून सावलीत सुकवले तर चालतील का? मऊ पडलेले आणि बुडाला वास येणारे केव्हाच बाजूला काढलेत, ते नकोच.

आणि हो, लसणाच्या पाकळीएवढे बारके कांदे लावले तर झुपक्यात किती फुटवे धरायचे? लावून बघितलेल्यांनीच सांगा.