जोडीने आधुनिक कला आणि मुद्राचित्रे संग्रहित करताना

प्रश्न – अमूर्तप्रेमी

मला आणि माझ्या पतींना आधुनिक चित्रकलेची मनापासून आवड आहे. आता प्रदर्शने पाहण्यावर न थांबता हळूहळू स्वतःचा छोटा संग्रह उभा करावा, असे आम्ही ठरवले आहे. कॅनव्हासवरची चित्रे आवाक्याबाहेरची असल्याने मुद्राचित्रांपासून, म्हणजे प्लेट किंवा ठोकळ्यावरून छापलेल्या चित्रांपासून, सुरुवात करण्याचा विचार आहे. परंतु त्यांना काटेकोर, भौमितिक अमूर्त कला भावते, तर मला हाताची लय जाणवेल अशी मोकळी रेषा हवी असते. अशा वेळी दोघांनाही पसंत पडेपर्यंत थांबावे, की आळीपाळीने निवड करावी? शिवाय एकाच चित्राच्या पन्नास प्रती निघत असतील, तर आपल्या हातातल्या प्रतीला मूळ कलाकृती कशाच्या आधारे म्हणायचे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद – शाईकागद

आपण न्यूयॉर्कच्या हर्बर्ट आणि डोरोथी व्होगेल या दांपत्याविषयी अवश्य वाचावे. हर्बर्ट टपाल खात्यात पत्रांच्या वर्गवारीचे काम करत आणि डोरोथी ब्रुकलिनच्या सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल होत्या. १९६२ मध्ये त्यांचे लग्न झाले. सुरुवातीला दोघेही स्वतः चित्रे काढत आणि घराच्या भिंतींवर तीच लावत; पुढे इतरांची चित्रे घरात येऊ लागली, तशी त्यांनी आपली उतरवली आणि संग्रहालाच वाहून घेतले. डोरोथींच्या पगारात घर चालवायचे आणि हर्बर्ट यांच्या पगारातून कलाकृती घ्यायच्या, हा त्यांचा नेम होता. कलाकृती परवडणारी असावी, भुयारी रेल्वेने किंवा टॅक्सीने घरी आणता यावी आणि एका शयनगृहाच्या त्यांच्या सदनिकेत मावावी, एवढ्याच त्यांच्या अटी होत्या.

या अटींमुळेच त्यांचा संग्रह घडला, असे मला वाटते. मोठी चित्रे घेणे शक्य नसल्याने ते रेखाटनांकडे, कागदावरच्या लहान कामांकडे आणि कच्च्या आराखड्यांकडे वळले. सोल लेविट, रिचर्ड टटल, रॉबर्ट मँगोल्ड यांच्या कामांना फारशी मागणी नव्हती, तेव्हापासून ते त्यांच्या स्टुडिओत जात आणि एकाच कलाकाराची कामे वर्षानुवर्षे घेत राहत, त्यामुळे त्या कलाकाराचा विचार कसा पुढे सरकत गेला हे संग्रहातच दिसते. ख्रिस्टो आणि जान-क्लोद हे कलाकार दांपत्य कोलोरॅडोतील ‘व्हॅली कर्टन’च्या, म्हणजे दरीवर आडवा टांगलेल्या भव्य पडद्याच्या, कामासाठी बाहेरगावी असताना व्होगेल यांनी त्यांचे मांजर सांभाळले आणि त्या बदल्यात त्यांना एक कोलाज मिळाले. पुढे संग्रहाने घर इतके व्यापले की तो हलवायला पाच मोठे ट्रक लागले. १९९२ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टशी त्याविषयी करार झाला. तेथे प्रवेश विनामूल्य आहे आणि ती संस्था आपल्या कलाकृती विकत नाही, म्हणून त्यांनी तिची निवड केली होती.

प्रतिसाद – ताम्रपट्टी

आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. कलाकाराने प्लेट, दगड, लाकडी ठोकळा किंवा पडदा मुद्रणासाठीच घडवलेला असेल आणि त्यावरून त्याच्या देखरेखीखाली मर्यादित प्रती काढल्या असतील, तर त्यांतली प्रत्येक प्रत मूळ कलाकृतीच असते, कारण त्या प्रतींच्या आधीचे असे वेगळे ‘खरे’ चित्र नसतेच. तैलचित्राचे छायाचित्र काढून छापलेली प्रत, तिच्यावर कलाकाराची सही असली तरी, पुनर्मुद्रणच ठरते. भिंगातून पाहिल्यास ऑफसेट छपाईत रंगीत ठिपक्यांची नियमित जाळी दिसते. एचिंगमध्ये, म्हणजे धातूच्या प्लेटवर आम्लाने रेषा कोरून केलेल्या छपाईत, मात्र शाई कागदावर किंचित उठून आलेली असते आणि प्लेटच्या कडांचा दाब कागदात उमटलेला असतो. कडेवर बोट न फिरवता कागद तिरप्या उजेडात धरावा, म्हणजे तो दाब स्पष्ट दिसतो.

खालच्या समासात पेन्सिलने १२/५० असे लिहिलेले असेल, तर ती पन्नासांच्या आवृत्तीतली बारावी प्रत होय. पण अंक लहान म्हणजे प्रत सरस, असे सरसकट समजू नये, कारण क्रमांक छपाईच्या क्रमानेच टाकले जातात असे नाही. ड्रायपॉइंट, म्हणजे धातूच्या प्लेटवर सुईने थेट ओरखडून केलेले मुद्राचित्र, याला काहीसे अपवाद आहे. त्यात सुईने उचकटलेली धातूची किनार शाई धरून ठेवते आणि रेषेला मखमली मऊपणा येतो. ती किनार दाबयंत्राखाली लवकर झिजत असल्याने आधी निघालेल्या प्रती खरोखरच अधिक भरदार असतात. आपल्याला मोकळी रेषा आवडते, म्हणून ड्रायपॉइंट आवर्जून पाहावे. आपल्या पतींना सपाट, स्वच्छ रंगक्षेत्रांसाठी स्क्रीन प्रिंट, म्हणजे पडद्यातून शाई दाबून छापलेली चित्रे, आवडतील.

प्रतिसाद – समास

दोघांचे एकमत होईपर्यंत थांबण्याचा मार्ग मला पटत नाही. त्यात दोघांनाही न खटकणारी, पण कोणालाच फारशी न भिडणारी चित्रे घरात येतात. त्यापेक्षा संग्रहाचे क्षेत्र दोघांनी मिळून आखावे आणि त्याच्या आत प्रत्येकाला निवडीची मोकळीक असावी. रिबा आणि डेव्ह विल्यम्स या दांपत्याने अमेरिकन मुद्राचित्रे हेच क्षेत्र धरले आणि १९३०–४० च्या दशकांतल्या, कृष्णवर्णीय कलाकारांच्या दुर्लक्षित कामांचाही कसून शोध घेतला. त्यांची पाच हजारांहून अधिक मुद्राचित्रे २००८ मध्ये नॅशनल गॅलरीनेच घेतली.

जतनाकडे मात्र पहिल्या दिवसापासून लक्ष द्यावे. माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची किनार) आणि मागचा पुठ्ठा आम्लरहित असावा, चित्र काचेला टेकू नये आणि साधी चिकटपट्टी कधीही लावू नये, कारण तिचे पिवळे डाग कागदात मुरतात. प्रकाशाने झालेली हानी साठत जाते आणि भरून येत नाही. म्हणून संग्रहालये कागदावरची कामे सुमारे ५० लक्स (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) इतक्या मंद प्रकाशात आणि ठरावीक काळच मांडतात.

प्रतिसाद – अमूर्तप्रेमी

सर्वांचे मनापासून आभार. क्षेत्र आखण्याची सूचना आम्हा दोघांनाही पटली आहे. पहिली काही वर्षे फक्त कृष्णधवल मुद्राचित्रे घ्यावीत, असे आमचे ठरते आहे. त्यात त्यांची भूमिती आणि माझी रेषा दोन्ही सामावतील. चित्रे आलटून पालटून भिंतीवर लावायची असतील, तर उरलेली चौकटीसह उभी ठेवावीत, की चौकटीतून काढून सपाट ठेवावीत?

प्रतिसाद – ताम्रपट्टी

चौकटीतून काढून, माउंटसह, आम्लरहित पेटीत सपाट ठेवावीत आणि दोन चित्रांमध्ये आम्लरहित पातळ कागद घालावा. सगळ्या चौकटी एकाच मापाच्या करून घेतल्यास चित्रे बदलणे सोपे जाते.