मदत हवी आहे: गोष्टीतले शब्द मुलांच्या तोंडी कसे रुळवायचे?

नमस्कार मंडळी. तिसरीच्या वर्गाला रोज गोष्ट वाचून दाखवते. 'हिरमुसला' आलं की क्षणभर थांबते, तसा चेहरा करते, दोघा-तिघांना करायला लावते आणि पुढे जाते. अर्थ तेव्हाच कळतो. पण आठवड्याने लिहायला दिलं की सगळी पात्रं पुन्हा 'दुःखी'च! नवा शब्द निरनिराळ्या संदर्भांत वारंवार भेटला तरच रुजतो, हे मान्य. पण तेवढी उजळणी बसवायची कुठे? नवे शब्द वर्गाच्या भिंतीवर लावून शब्दभिंत केलीय, तिच्याकडे आता कोणी ढुंकूनही बघत नाही. वहीत अर्थ उतरवून घेणं मला तरी नको वाटतं, गोष्टीची मजाच जाते. तुम्ही एका गोष्टीतले किती शब्द निवडता? आणि अडखळत वाचणाऱ्या मुलांसाठी वेगळं काय करता?