खोतांचं जुनं दप्तर: घर उतरवायच्या आधी काय काय करावं?

माडाची_वाडी
मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय. रत्नागिरी जिल्ह्यातलं खोत घराणं, मूळ पुरुषाने गाव वसवलं त्यातलं. घर पुढच्या वैशाखात उतरवायचंय. माळ्यावर दोन पत्र्याच्या ट्रंका आणि एक फणसाची पेटी आहे. ऐवज असा:

लाल खारव्यात (जाड्याभरड्या कापडात) बांधलेले ११ रुमाल, म्हणजे कागदांचे गठ्ठे, सगळे मोडी लिपीतले. दोन उघडून पाहिलेत, बाकीच्यांना हात लावलेला नाही.

आजोबांच्या वकिलीच्या साधारण ३०० फायली, १९३१ ते १९६८. शिवाय रोजकीर्दी आणि डायऱ्या.

घरगुती पत्रं, पोस्टकार्डं, इनलँड मिळून दोनेक हजार. फोटोंचे तीन अल्बम, चाळीसेक काचेच्या निगेटिव्ह.

घरात चार मतं आहेत. एक काका म्हणतात, महत्त्वाचं तेवढं लॅमिनेट करा, बाकी रद्दीत. दुसऱ्यांना रुमाल चार भावांत वाटून हवेत. न्यू जर्सीच्या चुलतभावाला दोन सनदा फ्रेम करून न्यायच्यात. आणि आत्याने प्रत्येक ट्रंकेत अर्धा किलो डांबरगोळ्या टाकून ठेवल्यात. यातलं बरोबर काय, चूक काय?

---

रुमालबंद
आधी तारखेचं बघा. सध्या श्रावण चालू आहे. कोकणात या दिवसांत हवेची आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात असते आणि ६५ टक्क्यांच्या वर गेली की बुरशीला रान मोकळं. घडीत दबलेला कागद आत्ता उघडलात तर तो दमट हवा पिऊन घेणार आणि तसाच परत बांधला जाणार. उघडायचं काम दिवाळीनंतर. तोवर तीनच गोष्टी.

पहिली, ट्रंका माळ्यावरून खाली. माळ्यावर दिवसा कौलं तापतात, रात्री गार होतात, पत्र्याला आतून घाम सुटतो. मधल्या खोलीत, भिंतीपासून आणि जमिनीपासून निदान वीतभर अंतर ठेवून पाटावर किंवा विटांवर ठेवा. बाहेरच्या भिंतीला टेकवू नका.

दुसरी, डांबरगोळ्या काढा. बंद ट्रंकेतला तो वास माणसाला बाधतो, कागदात मुरतो, आणि बुरशीवर त्याचा काडीचा उपयोग नाही.

तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची: काहीही लावू नका. म्हणजे तारीखवार, माणसावार, विषयवार, कसलंही नाही. कुठल्या रुमालात कोणता कागद कोणत्या कागदाशेजारी होता, यातच अर्धी माहिती असते. बिनतारखेची चिठ्ठी कशाबद्दल आहे हे पुष्कळदा फक्त तिच्या शेजारच्या निवाडपत्रावरून कळतं. एकदा पत्त्यांसारखं पिसलं की ते परत जुळवता येत नाही. चार भावांत वाटणी याच कारणासाठी नको. वाटायच्याच असतील तर छायाप्रती वाटा.

ट्रंक उघडल्यावर प्रत्येक थराचा वरून फोटो काढा, मग वरचं पुडकं उचला. रुमालाला क्रमांक, आतल्या पुडक्याला क्रमांक, कागदाला क्रमांक: ३/२/१७ म्हणजे तिसरा रुमाल, दुसरं पुडकं, सतरावा कागद. आकडा मऊ पेन्सिलीने, २बी, पाठीमागे खालच्या कोपऱ्यात. बॉलपेन, स्टिकर, रबरी शिक्का, यांपैकी काहीही नाही. यादीची वही वेगळी: क्रमांक, किती बंद (कागदाचे ताव), लांबी-रुंदी, शिक्का आहे का, अवस्था, आणि वाचता आलं तर एक ओळ मजकूर.

खारवा बदला. लाल रंगाने कसर (कागद खाणारा किडा) लागत नाही असं जुनी माणसं म्हणत, पण ओल लागली की तोच रंग कागदावर उतरतो. बिनरंगी मांजरपाट घ्या, गरम पाण्यात दोन-तीनदा धुऊन खळ पूर्ण काढा, कारण ती खळच झुरळांचं आणि कसरीचं खाद्य. रुमालाच्या खालीवर आम्लमुक्त पुठ्ठा, कागदापेक्षा बोटभर मोठा. गाठ घट्ट हवी. पोथ्यांच्या शेवटी ‘तैलाद्रक्षेत् जलाद्रक्षेत्’ म्हणून पुढे ‘शिथिलबन्धनात्’ लिहिलेलं असतं (तेल, पाणी आणि सैल बांधणीपासून जपा), ते उगाच नाही. सैल बांधलेले कागद एकमेकांवर घासतात, वाकतात आणि मध्ये किड्याला घर मिळतं.

---

खळ_आणि_कुंचला
वरच्या सगळ्याला अनुमोदन. आता काकांच्या लॅमिनेशनबद्दल: दुकानातलं गरम प्लास्टिक म्हणजे कागदाला पुरणं. ते परत निघत नाही, उष्णतेने कागद ठिसूळ होतो आणि आम्ल आतच कोंडतं. सरकारी दप्तरखान्यांतही एके काळी सेल्युलोज ॲसिटेटचं लॅमिनेशन सर्रास व्हायचं, त्यातले कागद सोडवणं आज डोकेदुखी झालंय.

एक उलटी गोष्ट ध्यानात घ्या. तुमचे मोडी कागद दिसायला जुने, पण जातीने दणकट. जुन्नरी, दौलताबादी असा हातकागद चिंध्यांच्या लगद्याचा असतो आणि शाई काजळीची, ती कागद खात नाही. खरी धास्ती आजोबांच्या १९४२-४६ च्या फायलींची. महायुद्धाच्या टंचाईत निघालेला लाकडी लगद्याचा कागद घडीवर नुसता दाबला तरी तुटतो. म्हणून आधी हात घालायचा तो फायलींना.

काढायचं काय: टाचण्या, क्लिपा, रबरबँड. गंजलेली टाचणी ओढायची नाही. तिच्याखाली पॉलिस्टर फिल्मचा बोटभर तुकडा सरकवा, म्हणजे खालचा कागद वाचतो, मग बोथट पातळ पात्याने पाय सरळ करून वर उचला. गंजाने कागदाला चिकटलीच असेल तर तशीच राहू द्या. सेलोटेप तर मुळीच ओढू नका, अक्षरं सोबत येतात.

मोडी कागदाला पाणी वर्ज्य. काजळीची शाई डिंकावर धरलेली असते. डिंक भिजला की अक्षर तरंगतं आणि बोटाला लागतं. अक्षरांवर चकाकणारे बारीक कण दिसले तर झटकू नका, ती शाई सुकवायला टाकलेली वाळू.

फाटलं असेल तर नवख्याने जोडू नये, आम्लमुक्त कागदाच्या फोल्डरमध्ये सरळ ठेवावं. अगदीच दोन तुकडे सुटत असतील आणि शाई इंग्रजी अमदानीतली, न पसरणारी असेल (कोपऱ्यात ओल्या कापसाने टिपून बघा), तरच: गव्हाचं सत्त्व १ भाग, पाणी ५ भाग, तासभर भिजवून मंद आचेवर २५-३० मिनिटं सतत ढवळत शिजवा. गार झाल्यावर कापडातून दोनदा गाळा आणि पातळ ताकाइतकं सैल करा. मैदा नको, त्यातल्या ग्लुटेनने (चिकट प्रथिनाने) खळ पुढे कडक आणि पिवळी होते. मोरचूद तर नकोच. जपानी टिश्यूची ५-६ मिमी पट्टी कात्रीने न कापता पाण्याची रेघ मारून फाडा, तंतू सुटे राहतात तेच धरतात. वर-खाली बिनविणीचं पॉलिस्टर कापड, मग टीपकागद, मग वजन. रात्रभर.

किड्यांसाठी: जिवंत कसर दिसली तर तो गठ्ठा पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून सीलबंद करा, -१८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर दव धरतं. काचेच्या निगेटिव्ह, फोटो आणि लाखेचे शिक्के असलेले कागद फ्रीजरमध्ये नाहीत. बुरशी आधी सुकू द्या, सावलीत, पंख्याचा झोत अंगावर न घेता. कोरडी झाली की घराबाहेर, एन-९५ मास्क लावून, मऊ कुंचल्याने. उन्हात वाळत घालू नका, शाई उडते.

---

जुना_गडी
वेखंडाचं कोणी बोललं नाही! पोथ्यांत पूर्वापार वेखंडच असतं.

---

खळ_आणि_कुंचला
असू दे की. सुकं वेखंड कुटून पातळ फडक्यात पुरचुंडी बांधा, रुमालाबाहेर कोपऱ्यात ठेवा, दर सहा महिन्यांनी बदला. किडा दूर राहतो, पण आत असलेला मरत नाही. कडुलिंबाचा पाला मात्र खडखडीत वाळलेला नसेल तर नको, ओला पाला कागदावर डाग पाडतो.

---

लेखनसीमा
रुमाल उघडण्याबद्दल थोडं. लांब सनद बहुधा बंदांना बंद चिकटवून केलेली असते आणि गुंडाळी किंवा चपटी घडी घातलेली. एकदम सोडू नका. मोठ्या टेबलावर स्वच्छ पांढरा कागद अंथरा, एका टोकाला मऊ कापडाची वाळूची पिशवी ठेवा आणि एक-एक घडी उलगडत पुढे जा. जोडावर पाठीमागे शिक्का असतो. जोड सुटला तरी शिक्क्याचे दोन अर्धे जुळतात का ते पाहा. तुकडे एकाच कागदाचे असल्याचा तो पुरावा. अखेरीस ‘मोर्तब सूद’ किंवा ‘लेखनसीमा’ची मुद्रा आली की कागद पूर्ण आहे असं धरा. ती नसेल तर शेवटचा बंद शेजारच्या पुडक्यात शोधा.

यादीत तारीख जशी आहे तशीच उतरवा, ‘सुधारून’ इसवी सन लिहू नका. तो शेजारच्या रकान्यात. उदाहरण, जुन्या मोडी कागदांत अरबी शब्दांत लिहिलेल्या सालाचं: ‘सुरू सन इसन्ने सबैन मया व अलफ’. इसन्ने २, सबैन ७०, मया १००, अलफ १०००, म्हणजे ११७२. हे साल मृगाला बदलतं. मृग ते डिसेंबर असेल तर ५९९ मिळवा आणि जानेवारी ते मृग असेल तर ६००. म्हणजे १७७१-७२. फसली, म्हणजे महसुली साल, हीही मृगालाच बदलते, तिथे ५९० आणि ५९१. शालिवाहन शकाला ७८ किंवा ७९. राज्याभिषेक शक सुरू होतो तो इसवी सन १६७४ पासून. ‘छ’ दिसलं की तो मुसलमानी महिन्यातला चंद्र, म्हणजे तारीख, आपला दिवस काढायला जंत्री लागेल. सगळ्यांत जास्त घोळ सुरू सन आणि फसली एकच समजल्याने होतो, तारीख नऊ वर्षांनी सरकते.

खोतांच्या घरी सनदेपेक्षा मोलाचं काय निघेल? बोटखताच्या (कुळांच्या हक्कांच्या सरकारी नोंदपत्रकाच्या) नकला, कुळांच्या कबुलायती, वसुलाच्या वह्या. कोणत्या कुळाकडून किती भात, किती नारळ, कोणत्या साली माफी, हे दुसरीकडे इतक्या बारकाईने मिळत नाही. या वह्या नीरस दिसतात म्हणून सगळ्यांत आधी रद्दीत जातात.

---

काळा_कोट
फायलींचं प्रकरण घरगुती पत्रांसारखं नाही. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं उघड करायचं नाही, हे बंधन काम संपल्यावरही राहतं. जुन्या पुरावा कायद्याचं कलम १२६, आताच्या साक्ष्य अधिनियमात १३२. ते वारसांना थेट लागतं का यावर वाद घालता येईल, पण गावातल्या कुटुंबकलहाच्या फायली फेसबुकवर टाकायच्या नाहीत इतकं कळायला कलम लागत नाही. तीन ढीग करा, फक्त यादीत, जागेवर नाही: न्यायालयात दाखल झालेल्याच्या नकला, आजोबांची स्वतःची टिपणं आणि मसुदे, आणि अशिलांची मूळ कागदपत्रं. ही तिसरी जात जुन्या वकिलांकडे हटकून सापडते, खरेदीखतं, गहाणखतं, मृत्युपत्रं. ती तुमची नाहीत. वारस सापडले तर पोच घेऊन परत करा.

स्वतःच्या जमिनीचे मूळ कागद बाजूला काढून बँकेच्या लॉकरमध्ये, त्यांच्या जागी रुमालात ‘३/२/१७ लॉकरमध्ये’ अशी चिठ्ठी. १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्यानंतरचे आदेश आणि फेरफार यांत धरा. आणखी एक: तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून आला तर त्याच्या सहीबद्दल न्यायालय गृहीतक करू शकतं, पूर्वीचं कलम ९०, आता ९२. ‘योग्य ताबा’ दाखवायला रुमालबंद यांची ती यादीच कामी येते. कुठल्या ट्रंकेत, कोणाच्या घरी, कधीपासून. वाटणी केलीत तर हे गेलं.

न्यू जर्सीबद्दल सरळ सांगतो, नको. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७२ प्रमाणे ऐतिहासिक मोलाचा ७५ वर्षांपेक्षा जुना दस्तऐवज ‘पुरावस्तू’त मोडतो आणि खासगी माणसाला तो देशाबाहेर नेता येत नाही. बॅगेतून गेला तरी तो गुन्हाच. भावाला चांगल्या छापाची प्रत करून द्या, भिंतीवर उन्हात लटकवायला तीच बरी.

---

माडाची_वाडी
सगळ्यांचे आभार. लॅमिनेशन रद्द, वाटणीही रद्द. फ्रेमवर भाऊ थोडा नाराज आहे. स्कॅनिंग घरीच करावं का? आणि शेवटी संस्थेला द्यायचं तर कोणाला?

---

रुमालबंद
घरी जमेल, पण कागद ओढून घेणारा फीडरवाला स्कॅनर नको. फायलींना सपाट काचेचा, लांब सनदांना वरून कॅमेरा. स्टँडवर, फ्लॅशशिवाय, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड, चौकटीत मोजपट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी. लांब कागदाचे फोटो एक-तृतीयांश एकमेकांवर येतील असे घ्या. मोडीला ४०० डीपीआय (इंचाला ठिपके), टंकलिखिताला ३०० पुरे. ए-४ ची एक बाजू ३०० ला बिनदाबाच्या (आकार न आवळलेल्या) टिफ फाइलमध्ये साधारण २६ एमबी, ४०० ला ४६. दहा हजार प्रतिमा ४०० ने म्हणजे ४६० जीबी, तेव्हा १ टीबीच्या दोन डिस्क आणि तिसरी प्रत दुसऱ्या गावी. कोऱ्या पाठीचाही फोटो घ्या, शिक्के आणि पत्ते तिथेच असतात. फाइलचं नाव म्हणजे कागदाचाच क्रमांक, तिरप्या रेघेऐवजी आडवी रेघ.

काचेच्या निगेटिव्ह एकीवर एक रचू नका, खालची फुटते. प्रत्येक चार पाखांच्या कागदी लिफाफ्यात, लांब कडेवर उभी, एका पेटीत दहा-बारा. निस्तेज बाजूला बोट नाही. अल्बमची पानं चिकट प्लास्टिकची असतील तर फोटो उपटू नका, पानासकट स्कॅन करा. आणि फिल्मच्या निगेटिव्हला व्हिनेगरसारखा वास आला तर ती लगेच बाकीच्यांपासून दूर.

संस्था: पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०) आणि राज्याचं पुरालेख संचालनालय, मुंबई, पुणे, कोल्हापूर इथे त्यांचे दप्तरखाने. मोडीचे वर्गही संचालनालय घेतं, घरातल्या एका तरुणाला पाठवा. देताना अख्खं द्या, निवडक नाही. दानपत्रात चार गोष्टी लिहून घ्या: संग्रह घराण्याच्या नावाने एकत्र राहील, प्रतिमांचा एक संच तुम्हाला मिळेल, अशिलांच्या फायली अमुक वर्षं बंद राहतील, आणि जोडलेली यादी दोन्ही बाजूंनी सही केलेली असेल. पत्रांचा लेखाधिकार पत्र लिहिणाऱ्याचा असतो, मिळालेल्याचा नाही. तो तुम्ही दान करू शकत नाही, तेव्हा दानपत्रात तसा दावा घालू नका.

यादीशिवाय कोणी ‘आत्ता गाडी पाठवतो’ म्हणालं तर थांबवा.

---

लेखनसीमा
आणि फणसाची पेटी रिकामी झाली की तळाचा वाळलेला कचरा गाळून घ्या. सुटलेल्या मुद्रा आणि कोपरे तिथेच पडलेले असतात.