रेझिन प्रिंट लवकर हवा आणि गुळगुळीतही: काय बदलावं?

थरावरथर
405 नॅनोमीटरच्या उजेडाने द्रव रेझिन थराथराने घट्ट करणारा एलसीडी प्रिंटर, पिक्सेल 50 मायक्रॉन, टाकीच्या तळाला एफईपी (पारदर्शक प्लास्टिक) फिल्म. 100 मिमी उंच पोकळ झाकण, थर 0.05 मिमी. एक्स्पोजर (दर थराला उजेड) 2.5 सेकंद, लिफ्ट (थर सोडवायला भाग वर उचलणं) 6 मिमी (मिनिटाला 60 मिमी), परतीचा वेग 180, उजेडाआधी थांबा अर्धा सेकंद. सहा तास लागतात. एक्स्पोजर 1.8 केलं की सपोर्ट (भाग धरून ठेवणारे आधार) तुटतात. तिरक्या बाजूवर पायऱ्याही दिसतात. काय करावं?

फिल्मवाला
एक्स्पोजर राहू द्या, वेळ तिथे जातच नाहीये. 2000 थर, प्रत्येकी 11 सेकंद. त्यात उजेड फक्त 2.5, म्हणजे अख्ख्या कामात 83 मिनिटं. बाकी सगळा वेळ थर फिल्मपासून सोडवण्यात जातो.

एसीएफ (कमी चिकटणारी) फिल्म बसवा, थर कमी ओढीत सुटतो. मग लिफ्ट 3 मिमी, वेग 120, थांबा 1 सेकंद. थर 6 सेकंदांवर येतो, काम 3 तास 20 मिनिटांत. थांबा वाढवला तो मुद्दाम: रेझिन परत सपाट व्हायच्या आत दिवा लागला तर थर जाड होतो. तळाच्या (प्लेटला चिकटणाऱ्या पहिल्या) थरांना मात्र 6 मिमीच ठेवा.

एफईपीच ठेवलीत तर लिफ्ट किती कमी करायची ते कानाने ठरवा. तिच्यावरून थर सुटताना 'टक्' आवाज येतो. तो लिफ्ट संपायच्या आत यायला हवा. आला नाही, तर थर बहुधा सुटलेलाच नाही.

झाकणाचं तोंड फिल्मकडे असेल तर ते वाटीसारखं चिकटून ओढतं. बंद टोकाजवळ, म्हणजे भाग ज्या प्लेटला लटकतो तिच्या बाजूला, 3 मिमीची दोन भोकं ठेवा. सपोर्ट बहुधा यानेच तुटत असणार.

थरावरथर
एसीएफने बारीक अक्षरं पुसट होतात का? आणि थर न सोडवता सलग छापणारी यंत्रं असतात, तसं इथे जमेल?

फिल्मवाला
थोडी होतात. फिल्म दुधी असल्याने उजेड पसरतो. अर्ध्या मिमीहून बारीक अक्षरं असतील तर एफईपीच बरी.

ऑक्सिजन
सलग छपाई फिल्म बदलून होत नाही. 2015 साली मांडलेल्या क्लिप नावाच्या सलग छपाईच्या पद्धतीत तळाच्या खिडकीतून ऑक्सिजन आत झिरपतो आणि तिच्या लगतचं सुमारे 20-30 मायक्रॉन रेझिन घट्टच होऊ देत नाही. त्यामुळे सोडवायला काही उरत नाही. पण त्या फटीत बाजूने रेझिन पोचायला हवं. जाळीदार, पातळ भिंतींचे भाग झपाट्याने निघतात. रुंद भरीव भागात मधोमध रेझिन कमी पडतं. शिवाय घट्ट होताना रेझिन तापतं. 2019 मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या गटाने रेझिनखालून फ्लोरिनयुक्त तेल वाहतं ठेवून चिकटणं आणि उष्णता दोन्ही आवरली.

कोनमापक
पायऱ्यांचं मूळ कोनात आहे. आडव्यापासून 20 अंशांच्या उतारावर 0.05 मिमी थराची पायरी 0.137 मिमी रुंद पडते, जवळजवळ तीन पिक्सेल. अँटी-अलियासिंगने (कडेचे पिक्सेल अर्धवट उजळवण्याने) फक्त तिची कड मऊ होते. भाग फिरवून तो उतार 45 अंशांवर आणा, पायरी एका पिक्सेलची होईल. थर 0.03 केलात तर 3333 थर होतात, म्हणजे वाचवलेले बहुतेक तास परत गेले.

धुताना आयपीएच्या (आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या) दोन भांड्यांत 2-3 मिनिटं पुरे. पक्कं करायला यूव्ही (अतिनील) उजेडाखाली ठेवण्याआधी पूर्ण सुकवा, नाहीतर पांढरे डाग पक्के बसतात. रात्रभर भिजत ठेवू नका, पृष्ठभाग फुगून तडकतो.