कोरडी विहीर, कोरडा गॅस आणि कोरडं झाड?

अनुवादिनी: समुद्रातल्या गॅसक्षेत्राचं, शोधापासून उत्पादनापर्यंतचं एक मॅन्युअल मराठीत करतेय. ड्राय होल, ड्राय गॅस, ड्राय ट्री तिन्ही आलेत आणि संपादकांनी सरसकट 'कोरडा' करून टाकलंय. पण शोधविहीर ड्राय निघाली तरी खाली खडकात खारं पाणी भरपूर असू शकतं, फक्त काढण्याजोगा गॅस नसतो. पाणी लागलेल्या विहिरीला कोरडी कसं म्हणू?

खारा_वारा: मराठीत ओला दुष्काळ चालतो ना, मग हेही चालेल :) नाहीतर 'फोल विहीर'. ड्राय गॅस म्हणजे जवळजवळ नुसता मिथेन, प्रोपेन-ब्युटेन वगैरे जड घटक नगण्य. आणि गंमत म्हणजे ग्लायकॉलने (ओलावा शोषणाऱ्या द्रवाने) बाष्प काढून घेतलेल्या गॅसलाही ड्रायच म्हणतात, कारण ओलावा राहिला तर थंडीत आणि दाबाखाली हायड्रेट (पाणी आणि गॅस मिळून घट्ट झालेलं) धरतं, बर्फासारखंच दिसतं ते, आणि पाइपलाइन चोकअप.

शब्दशोधक: मुळात 'विहीर'च खटकते. विहीर विवरावरून आली असणार, त्यात माणूस उतरतो. इथे 'कूप' हवं.

रिगवाला: कूप म्हणजे विहीरच की हो! रिगवर सगळे वेल म्हणतात, आणि आमच्या वेलीवर झाड बसतं. ट्री म्हणजे विहिरीच्या तोंडावरचा व्हॉल्व्हांचा संच. प्लॅटफॉर्मवर असला तर ड्राय, समुद्रतळाशी असला तर वेट. नॉर्वेच्या ट्रोल ए प्लॅटफॉर्मखाली पाणी ३०० मीटरच्या आसपास, तिथे ड्राय. तिथल्याच ऑर्मेन लांगे गॅसक्षेत्रात ८०० मीटरच्या पुढे, १९९७ ला सापडलं, २००७ ला गॅस सुरू, सगळं तळाशी, वर प्लॅटफॉर्मच नाही.

शब्दशोधक: 'झडपसंच' म्हणायला काय हरकत आहे? आणि गॅस कशाला, वायू आहे की.

खारा_वारा: 'वायुक्षेत्र' लिहिलंत तर वाचणाऱ्याला विमानं दिसतील. गॅस तरी कुठे इंग्रजांचा, व्हॅन हेल्मॉन्टने सतराव्या शतकात ग्रीक 'केऑस'वरून घडवला. आणि विवराचं म्हणाल तर नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती काढू नये.

शब्दशोधक: मग दुसरी व्युत्पत्ती द्या. तोवर 'वायुसाठा' लिहा, विमानं दिसणार नाहीत.

रिगवाला: साठा तर अजिबात नको, तो 'रिझर्व्ह'चा प्रतिशब्द वाटेल. खाली असलेला सगळा गॅस रिझर्व्हमध्ये धरत नाहीत, परवडेल असा काढता येईल तेवढाच. अप्रेझल विहिरी (सापडलेला गॅस किती ते अजमावायच्या) खणून, प्लॅन ठरून, पैसे घालायचं नक्की होत आलं की मग आकडा त्या रकान्यात जातो.

अनुवादिनी: अहो पण ड्राय होल??

शब्दशोधक: 'रकाना' फारसीतून आलाय का हो?