'लॉकिंग कॅराबिनर'ला मराठीत काय म्हणावं?

पूर्णाकाठ
अकोटच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांसाठी दोराच्या कामाचं एक छोटं पत्रक करतोय. वाचणारे तीन तऱ्हेचे: विहिरीतला गाळ काढणारे, कड्यावरचं आग्या मोहोळ उतरवणारे, आणि पावसाळ्यात धबधब्याशी कुणी अडकलं की ज्यांना आधी फोन जातो ती पोरं. हार्नेस, हेल्मेट हे शब्द चालून गेले. अडलं 'लॉकिंग कॅराबिनर'पाशी, म्हणजे दोर अडकवायची, मिटल्यावर पक्की करता येणारी धातूची कडी. मसुद्यात 'कुलूपवाली कडी' होतं. वाचून दाखवलं तर एक काका म्हणाले, "मंग किल्ली कोनाजौळ राह्यते?" हसण्यावारी नेलं असतं, पण पुढचं पाहा. एका पोराने कडीत दोर घातला, उघडमीट होणारी दांडी सोडली, टक्क आवाज आला, आणि "लागलं कुलूप" म्हणून तो मोकळा झाला. दांडी पक्की करणारी नळी फिरवलीच नाही. कुलूप दाबलं की लागतं, ही आपली सवय. इथे दाबून फक्त दांडी मिटते, पक्की होत नाही. शब्द सुचवा.

जुनी पोथी
यात अडण्यासारखे काय आहे? मळसूत्री कडी. 'मळसूत्र' हा आपला जुना, नेमका शब्द. फिरवायचे आहे हे शब्दातच आले. 'लॉकिंग कॅराबिनर' लिहायचे असेल तर मग पत्रक मराठीत करताच कशाला?

कोरडवाहू
गुर्जी, पाया पडतो, पन मळसूत्र म्हनून दुकानात गेलं तं दुकानदार मेडिकलात पाठवन. आमच्या इकळे आटे म्हन्तात. बोल्टाचे आटे, नळाचे आटे, आटे गेले का वस्तू भंगारात. 'आट्याची कडी' म्हना, बुढ्यापासून पोट्ट्यापर्यंत समजते.

संत्रापट्टा
वरुडकडेही आटेच. पण नुसतं 'कडी' म्हटलं तर आमच्याकडच्या बाया दाराची कडी समजतील. कडी-कोयंड्यातली.

दोरखंड
सह्याद्रीत चढणारे आम्ही 'स्क्रू' आणि 'प्लेन' एवढंच म्हणतो. "प्लेन दे", "स्क्रू लाव". पूर्णाकाठदादा, 'आट्याची कडी' गोड आहे पण पुरणार नाही. लॉकिंगच्या निदान तीन तऱ्हा आहेत. एकीत नळी हाताने फिरवून आट्यांवर चढवायची. दुसरीत नळी पिळून दांडी उघडायची, सोडली की स्प्रिंगने आपसूक बसते. तिसरीतही आपसूक बसते, पण उघडताना आधी नळी सरकवायची, मग पिळायची, मग दांडी दाबायची. शेवटच्या दोघींना आटेच नाहीत. त्यांना काय म्हणणार?

कोरडवाहू
बिनआट्याची.

दोरखंड
'बिनआट्याची' म्हटलं की प्लेन आली त्यात! प्लेनला कसलंच लॉक नसतं. दोर तिच्या दांडीवर घासला किंवा दांडी खडकावर दबली तर उघडते. माणसाचा जीव एकाच कडीवर असेल तिथे प्लेन वापरायची नाही, हा पहिला धडा. तुमच्या शब्दाने तोच पुसला जाईल.

जुनी पोथी
म्हणूनच म्हणतो, व्युत्पत्ती पाहून शब्द घडवावा. आता 'कॅराबिनर'च घ्या. हा काही आकाशातून पडलेला शब्द नाही. जर्मन 'काराबिनरहाकेन', म्हणजे कार्बाइन बंदूक पट्ट्याला अडकवायचा घोडेस्वाराचा आकडा. त्यातला 'हाकेन' गळाला आणि बंदूकवाला तेवढा उरला. आणि तीच बंदूक आपल्या जुन्या कागदांत 'कडाबीन' म्हणून येते. आखूड नळीची, घोड्यावरून चालवायची. म्हणजे हा शब्द दोनशे वर्षांपूर्वीच आपल्या घरी येऊन गेलेला आहे!

संत्रापट्टा
म्हणजे गुरुजी, तुम्ही मळसूत्र सोडून परकीय बंदुकीच्या बाजूने आलात. 😄

जुनी पोथी
मी बाजू सांगत नाही, इतिहास सांगतो आहे.

अडकित्ता
इटलीतले 'काराबिनिएरी' पोलीस १८१४ पासूनचे, त्यांचंही नाव त्याच बंदुकीवरून. त्यांना कुणी कडीवाले म्हणत नाही.

कोरडवाहू
आमच्या पोट्ट्यायनं पयलेच 'कडाबिनर' करून टाकलं हाय. कोनाले इचारलं नाई. काहून म्हनलं तं सांगतात, कड्यावर लावाची म्हनून कडाबिनर. बंदूक-फिंदूक काई मालूम नाई त्यायले.

जुनी पोथी
वा! वा! हे मात्र मान्य करावे लागेल. संस्कृतात 'कटक' म्हणजे बांगडीही आणि डोंगराची बाजूही. हातातले कडे, दाराची कडी, डोंगराचा कडा, सगळे एका घरात नांदते. तुमच्या पोरांनी नकळत तिन्ही जोडले.

दोरखंड
गुरुजी, कानाला छान लागलं म्हणून व्युत्पत्ती होत नाही. कडाबीनमधला 'कडा' डोंगराचा नाही, हे तुम्हीच वर सांगितलंत. शिवाय ही कडी कड्यावर आली तीच मुळी उशिरा. १९१० च्या सुमारास म्युनिकच्या ओटो हर्झोगने ती चढाईत आणली असं मानतात.

जुनी पोथी
लोक बोलतात ती व्युत्पत्ती वेगळी, कोशातली वेगळी. दोन्ही खऱ्या.

अडकित्ता
हे वाक्य मळसूत्रवाल्या गुरुजींचं आहे याची नोंद घ्यावी.

पूर्णाकाठ
मंडळी, कडाबिनर फार आवडला, पण 'लॉकिंग' तसंच राहिलं. आणि दोरखंडदादा, गावात नेमकी कोणती घ्यायची तेही सांगा, म्हणजे निदान एका जातीचं नाव तरी ठरवता येईल.

दोरखंड
विहिरीच्या गाळात हाताने फिरवायची, म्हणजे आट्याचीच. तुमची काळी माती चिकट. आपसूक बसणाऱ्या नळीत ती शिरली की नळी अर्ध्यावर अडते आणि दुरून बसल्यासारखी दिसते. आट्याची निदान बोटाला कळते. काम झालं की कोमट पाण्यात धुवायची, पूर्ण वाळवायची, मग थोडं ग्राफाइट. तेल घालू नका, धूळ धरतं. मोहोळाच्या कामात उलट. रात्र, धूर, जाड हातमोजे, माणूस घाईत. तिथे फिरवायचं विसरण्याची भीती जास्त, म्हणून तीन हालचालींची आपसूक बसणारी. कुठलीही असो, लावल्यावर दांडी बाहेरून दाबून बघायची. उघडली तर लॉक नव्हतं. काही कंपन्यांच्या आट्याच्या कडीवर लाल पट्टा असतो. तो दिसला की उघडी. आणि आठवडी बाजारात किल्ल्या अडकवायला रंगीत कड्या मिळतात, त्या दिसायला अशाच असतात. त्यांच्यावर माणूस टांगू नका.

कोरडवाहू
एक इचारतो. मांगं एका विहिरीवर मानूस वर आला आन् कडीच उघडेना. पक्कड आनली, दगडानं ठोकली, काई नाई. मंग तिचं काय म्हनावं, 'अडेल कडी'?

दोरखंड
भाऊ, दगडाने ठोकलेली कडी आता वापरू नका. अडली कारण माणूस लटकलेला असताना कुणीतरी नळी करकचून आवळली. ताणाखाली कडी किंचित लांबते, ताण गेला की आटे जाम. पुन्हा वजन द्यायचं आणि त्याच ताणात नळी सैल करायची. मुळात वजन येण्याआधी हलक्या बोटाने शेवटपर्यंत फिरवायची, बस. आणि फिरवून बंद होण्याची दिशा खाली येईल अशी टांगायची. हादऱ्यांनी नळी सरकली तर बंद होण्याकडेच सरकेल.

संत्रापट्टा
'गेट'ला तुम्ही सगळे 'दांडी' म्हणताय, पण उघडमीट करणारा भाग म्हणजे खिट्टी ना? किंवा जीभ. बक्कलची असते तशी. आणि त्याच्या समोरची जाड बाजू म्हणजे पाठ.

जुनी पोथी
'कणा' म्हणावे. पाठीला वाकायची मुभा असते.

अडकित्ता
कणाही वाकतो गुरुजी, वयोमानाप्रमाणे.

दोरखंड
त्या पाठीवर आकडे कोरलेले असतात, ते पत्रकात हवेतच. मानकाप्रमाणे साध्या कडीला लांबीच्या दिशेने बंद असताना किमान २० किलोन्यूटन, आडवा ताण आला तर ७, खिट्टी उघडी राहिली तर ७. नाशपतीच्या आकाराची रुंद असते तिच्यावर गोलात 'एच' असतो, तिला उघडी असताना किमान ६. हा 'एच' एचएमएसचा. जर्मन 'हाल्बमास्टवुर्फ' गाठीसाठीची कडी म्हणून. गुरं बांधताना खुंट्याला दोन वेढे टाकतो ना, तो पूर्ण मास्टवुर्फ. हा त्याचा अर्धा.

पूर्णाकाठ
किलोन्यूटन कुणाला सांगू?

कोरडवाहू
एक किलोन्यूटन म्हंजे किती किलो?

दोरखंड
साधारण १०२ किलोचं वजन.

कोरडवाहू
मंग एक क्विंटल म्हना ना बाप्पा! बंद कडी २० क्विंटल, आडवी झाली का ७ क्विंटल. कापूसवाल्याले पाठ हाय. आता तुम्हीच म्हनसान, ७० किलोच्या मानसाले ७ क्विंटल काय कमी हाय?

दोरखंड
लटकणाऱ्याला कमी नाही. ढिल्या दोरावर पडणाऱ्याला असू शकतं. झटका वजनाच्या कितीतरी पट येतो. म्हणूनच 'क्विंटल' लिहायला मन होत नाही. वजन आणि बल यात फरक आहे, लोक म्हणतील २० क्विंटलचं मशीन टांगा.

कोरडवाहू
टांगनारे तं न्यूटन वाचूनही टांगतात.

जुनी पोथी
क्विंटल तरी कुठे आपला? खंडी आणि मण म्हणा.

संत्रापट्टा
कोणती खंडी? कापसाच्या बाजारात खंडी ३५६ किलोची, धान्याची जुनी खंडी गावागणिक वेगळी. खंडीने सांगितलं तर विहिरीत पडायच्या आधी भांडण होईल.

पूर्णाकाठ
'लॉकिंग'साठी आतापर्यंत मळसूत्री, आट्याची, कडाबिनर. एक विचार: नाव सोडून क्रिया सांगावी. "मिटली, फिरवली, दाबून पाहिली." आपसूकवालीसाठी "मिटली, नळी बसली, दाबून पाहिली." 'लॉक' हा शब्दच नको.

जुनी पोथी
पत्रकाला शीर्षक लागेल ना? क्रियापदाला शीर्षक म्हणत नाहीत.

अडकित्ता
'खटक्याची कडी'? खटका म्हणजे आपोआप बसणारा, बंदुकीचाही.

दोरखंड
नको! खटका म्हटलं की टक्क वाजलं म्हणजे झालं, हाच समज होतो. मूळ तक्रार तीच आहे.

संत्रापट्टा
बैलाच्या जुवाला शिवळ असते, ती काढल्याशिवाय मान सुटत नाही. आपल्याकडे मुद्दाम घालायची आणि मुद्दाम काढायची अशी तीच वस्तू. 'शिवळीची कडी'?

कोरडवाहू
ताई, आता जू कोनाच्या घरी राह्यलं? ट्रॅक्टरवाल्याच्या पोट्ट्याले शिवळ म्हनलं तं तो गुगल करन. आन् शिवळ उखळून जाते, बैल झटकला का. मी पाह्यलं हाय.

जुनी पोथी
शिवळ उखडते ती लाकूड सुकले म्हणून. मोटेच्या दोराची गोष्ट काढा हवी तर. मोटेचे दोन दोर, वरचा जाड नाडा आणि खालचा बारीक सोल. विहिरीवरच्या दोरांची इतकी सूक्ष्म परिभाषा जिच्यात होती त्या भाषेला एका कडीला नाव सापडू नये!

कोरडवाहू
सोल नाई गुर्जी, सोंदूर. आमचा आजा सोंदूरच म्हने.

जुनी पोथी
सोंदूर वेगळा. दोन्ही एकच मानणे हा अलीकडचा गोंधळ आहे.

कोरडवाहू
आमचा आजा अलीकडचा नव्हता.

संत्रापट्टा
माझ्या आजोळी, काटोलकडे, नाडा हा दोर आणि सोंदूर हाही दोर, आणि सोल कुणी म्हणायचंच नाही. आईला विचारून सांगते.

पूर्णाकाठ
विचारा ताई, पण त्यांना 'गेट'चंही विचारा. खिट्टी की जीभ.

संत्रापट्टा
विचारलं. आई म्हणते, सोल म्हणजे चामडं सोलून काढतात ते, आणि विहिरीत उतरणाऱ्याने कडी बघण्याआधी आतली हवा बघावी.

जुनी पोथी
सोल आणि सोलणे यांचा संबंध मला पटत नाही. उद्या सविस्तर लिहितो.