शोरम्याच्या गाड्या बंदच करायला हव्यात का?

ठाणेकर_खवय्या: मे २०२४ मध्ये मानखुर्दला चिकन शोरमा खाऊन १९ वर्षांचा मुलगा गेला, दोन विक्रेत्यांना अटक झाली, चार दिवस सगळे घाबरले आणि आता आमच्या स्टेशनबाहेर संध्याकाळी परत तीच गर्दी. माझं म्हणणं सरळ आहे, रस्त्यावर तयार चिकन-मासे विकायला बंदी घाला. खायचंच असेल तर पॅकबंद सलामी, सॉसेज घ्या, निदान कंपनीचं नाव-गाव तरी असतं त्यावर.

पोटपूजा: नाव-गाव असून काय दिवे लागले? दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ ला पोलोनी नावाच्या स्वस्त तयार सॉसेजमधून लिस्टेरिया पसरला, हजारावर आजारी, दोनशेच्या वर मेले, त्यात कितीतरी तान्ही बाळं. माल गाडीवरचा नव्हता, मोठ्या कारखान्यातला होता. हा जंतू फ्रिजमध्येही हळूहळू वाढतो आणि पोलोनी लोक गरम न करता तशीच पावात घालून खातात. गाडीवाला निदान डोळ्यासमोर भाजून देतो.

सूक्ष्मजीववाली: डोळ्यासमोर भाजतो, तेच तर फसवं आहे ना! शोरम्याचा गोळा बाहेरून भाजतो, आत कच्चाच असतो, वरचा भाजलेला थर तेवढा तासायचा म्हणून ते चालतं. पण गर्दी झाली की थर भाजायच्या आत सुरी खोल जाते, गर्दी ओसरली की गॅस बारीक करून गोळा कोमट फिरत राहतो, आणि ५ ते ६० अंशांच्या मधे जंतूंची नुसती चंगळ. रात्री उरलेला गोळा फ्रिजात, उद्या परत सळईवर. तासलेलं तव्यावर कडक परतलं तर बरेच जंतू मरतात, पण हातावरचा स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू एकदा विष सोडून बसला की ते परतून जात नाही.

ठाणेकर_खवय्या: म्हणजे बंदीच ना शेवटी!

गाडीवाल्याचा_भाऊ: बंदी घातली की गाडी पुढच्या गल्लीत आणि हप्ता डबल, एवढंच होतं साहेब. केरळात २०२२ ला कासरगोड जिल्ह्यात शोरमा खाऊन शाळकरी मुलगी गेली, नमुन्यांत शिगेला हा जुलाबाचा जंतू सापडला. नंतर जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या सरकारने कच्च्या अंड्याचं मेयोनीज बंद केलं, पार्सलवर वेळेची चिठ्ठी सक्तीची केली, शोरमा नाही बंद केला. इथे हात धुवायला बादलीभर पाणी, तेच दिवसभर पुरवायचं, फ्रिज चालवायला मीटर मिळत नाही, आणि दंड मात्र वेळेवर. आधी नळ द्या की.

मालवणी_माणूस: सगळे चिकनवरच अडकलेत. बांगडा उन्हात राहिला की त्यात हिस्टामीन तयार होतं आणि ते तळून जात नाही, तोंड लालबुंद, डोकं ठणकतंय, आणि आपण म्हणतो ॲलर्जी झाली. होडीवर बर्फ कमी पडला तर खानावळवाल्याने कितीही कडक तळू दे, काय उपयोग? नळ गाडीला हवा तसा बर्फ बंदरावर हवा, आणि त्यासाठी कोणी कधी गाडी बंद करून दाखवली नाहीये.

ठाणेकर_खवय्या: नळ, मीटर, बर्फ, सगळं मान्य. पण ते येईपर्यंत माझ्या पोराने काय खायचं? मी बंदीवरच ठाम आहे.

सूक्ष्मजीववाली: पोराला सांगा मेयो घालू नको आणि तव्यावर परत परतून दे म्हणावं. विष झालं असेल तर नाही वाचणार, पण बाकीचं बरंच टळतं. आणि रात्री उशिरा, गोळा संपत आला असताना तर अजिबात जाऊ नये.

गाडीवाल्याचा_भाऊ: परतून देतो हो, मागितलं तर देतोच. मागत कोणी नाही, सगळ्यांना लोकल पकडायची असते.